शेवाळ, ऊस आणि फलटणचा कंदील

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या शाळेत साफसफाईचा दिवस होता. पाण्याचा हौद घासण्याचे काम सातवीच्या वर्गाकडे आले. हौदाच्या आतल्या अंगाला हिरवेगार शेवाळ चढले होते. मुले खराट्याने ते खरवडत होती आणि एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होती. एक मुलगी मात्र शेवाळाचा गोळा ओंजळीत घेऊन माझ्यापुढे येऊन उभी राहिली. म्हणाली, "गुरुजी, हे कुणी पेरलं नाही, ह्याला खत घातलं नाही, तरी एवढं वाढतं कसं? आणि ह्याचा उपयोग काय?"

मी घाईत होतो. "उपयोग काही नाही. पाय घसरतो तेवढा. टाक खाली," असे सांगून मोकळा झालो. तिने गोळा टाकला, पण माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले की ते पाहणे माझ्या मनातून जाईना.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरच्या मंडळींबरोबर पणत्यांत तेल घालताना ती मुलगी पुन्हा आठवली. पणतीतले तेल करडईचे. करडई शेतात वाढली ती उन्हावर. म्हणजे दारात तेवणारी ही ज्योत गेल्या हिवाळ्यातल्या उन्हाचीच की! आणि ऊन पकडून साठवण्याची ही विद्या करडईने, उसाने, ज्वारीने शिकली कुणाकडून? तर त्या हौदातल्या शेवाळाच्या पूर्वजांकडून. मास्तराचे उत्तर चुकले होते. चुकलेले उत्तर फळ्यावरून पुसता येते, मुलाच्या मनावरून पुसायला मात्र खटपट करावी लागते. ती खटपट म्हणून मी पुस्तके चाळू लागलो. तेव्हा कळले की त्या शेवाळाचा इतिहास फार लांबचा आहे आणि त्याची एक वाट थेट आपल्या साताऱ्या-सांगलीच्या शिवारातून जाते.

•

ही कथा सुरू होते इंग्लंडात, १७७१ साली. जोसेफ प्रीस्टली नावाचा एक धर्मोपदेशक हवेचे प्रयोग करीत असे. बंद काचपात्रात मेणबत्ती जळून विझली की तेथली हवा 'बिघडते' आणि त्या हवेत उंदीर जगत नाही, हे त्याला ठाऊक होते. त्या बिघडलेल्या हवेत त्याने पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी पाहतो तो हवा सुधारलेली, मेणबत्ती पुन्हा पेटू लागली! पुढे १७७९ साली यान इंगेनहाउस या डच वैद्याने दाखवून दिले की झाड हवा सुधारते ते फक्त उजेडात आणि तेही आपल्या हिरव्या भागांनी. पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात, अंधारात येत नाहीत. हे बुडबुडे प्राणवायूचे. विहिरीच्या कडेला बसून ज्याने शेवाळाकडे कधी निवांत पाहिले असेल, त्याने हे मोती पाहिलेले आहेत. आपल्याला त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता एवढेच.

झाड कर्बवायू घेते, पाणी घेते, त्यातून साखर तयार करते आणि प्राणवायू सोडते, एवढे एकोणिसाव्या शतकात समजले. पण आत नेमके काय घडते? पानाच्या आत कोण कोणाच्या हाती काय देतो? हे पाहायचे तर मोठे झाड उपयोगाचे नाही. त्याला मूळ, खोड, साल, फांद्या असा पसारा. शास्त्रज्ञांना हवा होता एक साधा जीव, जो भराभर वाढेल आणि ज्याच्या सगळ्या पेशी एकसारख्या असतील. १९१९ साली जर्मनीत ओटो वारबुर्ग यांनी असा जीव निवडला. त्याचे नाव क्लोरेला. एका पेशीचे, गोल, डोळ्यांना एकटे न दिसणारे हिरवे शेवाळ. आमच्या हौदातल्या शेवाळाचे हे भाऊबंदच.

त्यानंतर १९४० साली अमेरिकेत कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी कार्बन सापडला. या कार्बनला जणू घुंगरू बांधलेले असते. तो कुठेही गेला तरी त्याचा माग लागतो. दुसरे महायुद्ध संपल्यावर कॅलिफोर्नियात बर्कले येथे मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी हे घुंगरू शेवाळाच्या पायात बांधले. एका चपट्या काचपात्रात हिरवे पाणी, दोन्ही बाजूंनी दिवे. त्यात कार्बन-१४ असलेला कर्बवायू सोडायचा आणि काही सेकंदांतच खालची तोटी उघडून ते पाणी उकळत्या अल्कोहोलात सोडून द्यायचे. शेवाळ जागच्या जागी मरते आणि त्या क्षणी कार्बन जेथे पोचला असेल तेथेच अडकतो. मग तो अर्क कागदावर पसरायचा आणि कागद छायाचित्राच्या फिल्मला लावून ठेवायचा. घुंगरू जेथे वाजले तेथे काळा डाग उमटतो. हे डाग वाचण्यात त्यांची कित्येक वर्षे गेली. कळले ते असे, की पहिला पदार्थ तीन कार्बनांचा असतो आणि त्यातून एक चक्र फिरत जाऊन साखर बनते. १९६१ साली या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले, ते एकट्या कॅल्विन यांना. बेन्सन यांचे नाव त्यात नव्हते. विज्ञानाच्या दरबारातही मानपानाची वाटणी नेहमी न्यायाने होते असे नाही.

•

त्याच सुमारास, १९६२ साली, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या जिल्ह्यांतल्या मुलांना उच्च शिक्षणासाठी पुण्या-मुंबईकडे धाव घ्यावी लागे, ती आता बरीचशी थांबली. या नव्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्राध्यापक जी. व्ही. जोशी आणि त्यांचे सहकारी प्रकाशसंश्लेषणावर संशोधन करू लागले. त्यांचा विषय आपल्या किनाऱ्यावरचा होता: खाऱ्या पाण्यात वाढणारे समुद्री शेवाळ आणि खाडीकाठची खारफुटी. मीठ अंगावर घेऊन ही झाडे ऊन कसे पकडतात, कार्बन कोणत्या वाटेने नेतात, हा त्यांचा प्रश्न. १९७३-७४ च्या सुमारास त्यांचे आणि करेकर, भोसले, गौडा या सहकाऱ्यांचे निबंध परदेशी शास्त्रीय नियतकालिकांतून छापून आले.

हे वाचून मला मोठे नवल वाटले. बर्कलेत जे प्रश्न शेवाळाला विचारले गेले, त्याच जातीचे प्रश्न काही वर्षांतच पंचगंगेच्या काठी विचारले जात होते! आणि आम्ही मास्तर मात्र प्रकाशसंश्लेषण म्हटले की फळ्यावर एक पान काढून दोन बाण दाखवून पुढच्या धड्याकडे वळत होतो.

•

आता उसाकडे वळू. कृष्णाकाठच्या माणसाला उसाविषयी कुणी काही सांगू नये असे म्हणतात. लागण, खोडवा, आडसाली, उतारा हे शब्द आमच्याकडे मूल बाराखडीबरोबरच शिकते. तरीही एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. प्रकाशसंश्लेषणाच्या इतिहासातले दुसरे मोठे पान उसाच्याच पानावर लिहिलेले आहे.

हवाई बेटांतल्या साखर-मळेवाल्यांच्या प्रयोगशाळेत कोर्टशाक आणि त्यांचे सहकारी उसावर तोच घुंगरांचा प्रयोग करीत होते. त्यांना दिसले की उसात पहिला पदार्थ तीन कार्बनांचा नाही, चार कार्बनांचा आहे. काहीतरी चुकले असेल असे प्रथम वाटले. पण पुन्हा पुन्हा तेच. १९६५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्याआधी रशियात कार्पिलोव्ह यांना मक्यात असेच काही दिसले होते, पण त्याकडे फारसे लक्ष गेले नव्हते. पुढे १९६६ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे हॅच आणि स्लॅक या दोघांनी या कोड्याचा पूर्ण उलगडा केला. त्यांची प्रयोगशाळाही एका साखर कंपनीचीच होती.

हे कोडे गुऱ्हाळाच्या भाषेत सांगतो. झाडात कर्बवायू पकडणारे एक विकर असते. त्याला काम फार, पण नजर थोडी अधू. कधी कधी कर्बवायूऐवजी ते प्राणवायूच धरते आणि मग केलेली कमाई वाया जाते. ऊन तापले की ही चूक वाढते. गहू, भात, हरभरा यांचे असे होते. उसाने यावर युक्ती काढली. चरकात मोळी घालणारा गडी वेगळा आणि कढईपाशी बसणारा गुळव्या वेगळा, तशी त्याने पानात कामाची वाटणी केली. बाहेरच्या पेशी कर्बवायू अचूक पकडतात आणि चार कार्बनांच्या मोळ्या बांधून आतल्या पेशींच्या हवाली करतात. आत त्या मोळ्या सुटतात, कर्बवायूची दाटी होते आणि अधू नजरेच्या त्या विकराला चूक करायला वावच उरत नाही. म्हणून कडक उन्हात ऊस फोफावतो, आणि तेवढ्याच पाण्यात इतर पिकांपेक्षा अधिक साखर तयार करतो.

ही विद्या एकट्या उसाला आली आहे असे मात्र नाही. मक्याला आहे, बाजरीला आहे आणि आपल्या ज्वारीलाही आहे. वाळव्याच्या मळीतला ऊस आणि माणदेशच्या माळावरची ज्वारी ही एकाच घराण्यातली. एकाला कृष्णेचे पाणी मिळाले, दुसरीला मिळाले नाही, एवढाच काय तो फरक.

आणि हा फरक लहान नाही. एकाच सांगली जिल्ह्यात मिरज-वाळव्याकडे कृष्णेला पूर येतो; २००५ आणि २०१९ साली सांगली शहर पाण्यात बुडालेले आपण पाहिले. तर पलीकडे जत, आटपाडी, खानापूरच्या माणसाने पाण्यासाठी टँकरची वाट पाहण्यात जन्म घालवला. साताऱ्यातही महाबळेश्वरला पाऊस कोसळतो आणि माण-खटावला ढग नुसते तोंड दाखवून जातात. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांनी कृष्णेचे पाणी उचलून वर नेले, कित्येक गावांचे डोळे त्याने पुसले. पण पाणी आले की पाठोपाठ ऊस येतो. ऊस बारा ते अठरा महिने रानात उभा राहतो आणि तेवढे दिवस पाणी मागतो. हक्काचे भाव आणि हक्काचा कारखाना दिसत असताना शेतकऱ्याने दुसरे काय करावे? त्याला दोष देणे सोपे आहे. त्याच्या हातात उसाइतके भरवशाचे दुसरे पीक देणे अवघड आहे.

हाच अवघड प्रश्न फलटणच्या एका माणसाने अंगावर घेतला.

•

फलटण म्हणजे नाईक निंबाळकरांचे संस्थान, महाराणी सईबाईंचे माहेर. नीरेच्या उजव्या कालव्याने या कोरड्या तालुक्याचा एक भाग हिरवा केला, बाकीचा कोरडाच राहिला. या गावी बनबिहारी विष्णु निंबकर शेती करण्यासाठी आले. वडील भारतीय, आई अमेरिकन, शेतीचे शिक्षण अमेरिकेत. असा मनुष्य मुंबईत मोठ्या पगारावर सुखाने राहिला असता. पण निंबकरांनी फलटणची माती धरली आणि २०२१ साली वारले तोवर सोडली नाही. त्यांच्या पत्नी जाई निंबकर या लेखिका, इरावती कर्वे यांच्या कन्या.

१९६८ साली निंबकरांनी फलटणला 'निंबकर कृषी संशोधन संस्था' स्थापन केली. कापूस, करडई, शेळ्या-मेंढ्या असे तिचे अनेक विषय, पण आपल्या कथेला हवी आहे ती त्यांची गोड ज्वारी. ज्वारीच्या काही जातींच्या ताटात उसासारखा गोड रस असतो. निंबकरांनी अशा ज्वारीवर निवडीचे आणि संकराचे काम चालविले आणि 'मधुरा' नावाचे वाण तयार केले. कल्पना किती साधी आहे पाहा. कणसाची भाकरी माणसाला, ताटाच्या रसाची काकवी किंवा अल्कोहोल, आणि रस काढून उरलेला चोथा जनावरांना. एकाच पिकात अन्न, इंधन आणि चारा. शिवाय पीक चार महिन्यांत हाती येते आणि पाणी उसाच्या मानाने थोडके लागते.

१९८१ साली या संस्थेत अनिल राजवंशी आले. मूळचे लखनौचे, कानपूरच्या आय.आय.टी.तून निघालेले अभियंते, अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठातून सौरऊर्जेवर डॉक्टरेट मिळवलेले. निंबकरांच्या कन्या नंदिनी या त्यांच्या पत्नी, त्याही शेतीशास्त्रातल्या डॉक्टर. अमेरिका सोडून हे जोडपे फलटणला आले, तेव्हा गावात वीज असूनही बहुतेक वेळ ती नसेच. संध्याकाळ झाली की रॉकेलची चिमणी आणि स्वयंपाकघरात धुराची चूल. राजवंशींनी ठरवले की मोठमोठ्या यंत्रांआधी ही चिमणी आणि ही चूल सुधारायची.

त्यांनी मधुरा ज्वारीचा रस आंबवून त्यातून अल्कोहोल काढण्यासाठी सूर्याच्या उष्णतेवर चालणारी भट्टी उभारली. उन्हावर पाणी तापवायचे आणि त्या उष्णतेने ऊर्ध्वपातन करायचे. या प्रायोगिक भट्टीतून दिवसाला ३० ते ४० लिटर अल्कोहोल निघे. म्हणजे ताटात साखर साठवली ती उन्हाने आणि तिचे अल्कोहोल वेगळे केले तेही उन्हानेच! पुढे त्यांनी या अल्कोहोलवर चालणारी चूल आणि मॅन्टलचा कंदील तयार केला. चुलीची खुबी अशी की तिला शुद्ध अल्कोहोल लागत नाही. जवळजवळ निम्मे पाणी असलेले पातळ अल्कोहोलही ती जाळते. पातळ अल्कोहोल काढायला कष्ट कमी, खर्च कमी आणि भडका उडण्याची भीतीही कमी. पुढे कंदील आणि चूल एकत्र करून उजेड पडतो त्याच उष्णतेवर भात शिजावा, अशी सोयही त्यांनी करून पाहिली. २०२२ साली राजवंशींना 'पद्मश्री' मिळाली.

मग घरोघरी हा कंदील का लागला नाही? याचे उत्तर सरळ नाही. पहिली अडचण कायद्याची. अल्कोहोल म्हटले की दारू आली, आणि दारू आली की १९४९ चा दारूबंदीचा कायदा आणि उत्पादनशुल्काचे नियम आले. चुलीत जाळायचे अल्कोहोल कुणी पिणार नाही याची हमी कोण देणार? दुसरी अडचण पिकाची. गोड ज्वारीचा रस टिकत नाही, ताट तोडले की ते लवकर गाळावे लागते, आणि हंगाम आखूड. तिसरी अडचण काळाचीच म्हणायची, आणि ती आनंदाची आहे. गावोगाव वीज पोचली, गॅसच्या टाक्या आल्या, चिमणी कोनाड्यात गेली. ज्या अंधाराशी झुंजण्यासाठी फलटणचा कंदील घडला, तो अंधारच पुष्कळसा ओसरला.

फलटणच्या त्याच परिसरात दुसरेही एक नाव आदराने घेतले जाते, डॉ. आनंद कर्वे यांचे. महर्षी कर्व्यांचे नातू, इरावतीबाईंचे पुत्र. त्यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या 'आरती' या संस्थेने शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची रीत बसवली, आणि खरकटे, वाया गेलेले धान्य यांवर चालणारा घरगुती गॅस तयार केला. २००२ आणि २००६ साली इंग्लंडचे ॲशडेन पारितोषिक या कामांना मिळाले. पाचट पेटले की धुराने काळवंडलेले आभाळ आमच्याकडे दर हंगामात दिसते. त्या धुरात किती चुली पेटल्या असत्या, हा हिशेब कर्व्यांनी मांडून दाखवला.

•

कंदील मागे पडला, पण त्यामागचा विचार मोठ्या दाराने परत आला. मोटारीत अल्कोहोल घालायचा विचार आपल्याकडे नवा नाही. स्वराज्य मिळाल्यावर १९४८ सालीच त्यासाठी कायदा झाला होता. परंतु पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याची सुरुवात महाराष्ट्रासह काही राज्यांत झाली ती २००३ साली. २०१८ च्या धोरणाने उसाच्या रसापासूनही इथेनॉल करायला मोकळीक दिली. त्या धोरणात गोड ज्वारीचेही नाव आहे. २०२२ साली मिश्रण दहा टक्क्यांवर गेले आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर. सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांच्या आवारात साखरेच्या गोदामांशेजारी इथेनॉलच्या टाक्या दिसू लागल्या. पण २०२३ साली पाऊस कमी झाला, आणि डिसेंबरात सरकारला उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध घालावे लागले. आभाळाने हात आखडला की कारखान्याची टाकीही रिती राहते, हे त्या वर्षाने सर्वांना शिकवले.

मग पाणी आणि जमीन वाचवणारे इंधन कुठून आणायचे? येथे आपले शेवाळ पुन्हा दारात येऊन उभे राहते. शेवाळाच्या काही जातींच्या अंगात तेल साठते. सुपीक जमीन लागत नाही, खारे पाणी चालते, वाढ झपाट्याने होते. अमेरिकन सरकारने १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षे त्यावर संशोधन चालविले. पुढे २००९ साली एका बलाढ्य तेल कंपनीने त्यात कोट्यवधी डॉलर ओतायला सुरुवात केली आणि २०२३ पर्यंत हात काढून घेतला. अडचण काय? गृहिणींना ती पटकन समजेल. हंडाभर पातळ ताकातून सुपारीएवढे लोणी काढायचे असा हा प्रकार आहे. उघड्या तळ्याच्या एका लिटर पाण्यात शेवाळ फार तर ग्रॅमभर असते. ते गाळा, सुकवा, तेल काढा. मिळणाऱ्या इंधनाचा मोठा भाग या खटाटोपातच खर्च होतो. शिवाय उघड्या तळ्यात नको त्या जाती शिरतात त्या वेगळ्याच.

तरीही शोध थांबलेला नाही. मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांना शेजारच्या पवई तलावाच्या पाण्यात नील-हरित शेवाळाची एक जात सापडली. अनुकूल स्थितीत ती अडीच तासांच्या आतच दुप्पट होते. २०१८ साली त्यांनी हे जगापुढे मांडले. ज्या तलावाच्या काठाने रोज हजारो लोक जातात, त्याच पाण्यात हे रत्न पडून होते. पाहणारा डोळा हवा होता.

•

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मी त्या मुलीला हाक मारली. "तुला दिलेलं उत्तर चुकलं होतं," असे तिला सांगितले. मुले एकदम गप्प झाली. मास्तर चुकले म्हणतात हा त्यांना नवाच प्रकार. मग आम्ही हौदातले थोडे शेवाळ काचेच्या बरणीत घेतले आणि दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवले. ऊन आले आणि काही वेळाने हिरव्या धाग्यांवर बारीक बुडबुडे चढू लागले. इंगेनहाउसने १७७९ साली जे पाहिले, ते आमच्या सातवीने त्या दिवशी पाहिले.

नंतर मी मुलांना फलटणच्या कंदिलाची गोष्ट सांगितली. गोष्ट संपल्यावर तीच मुलगी म्हणाली, "म्हणजे गुरुजी, तो कंदील वायाच गेला?"

या वेळी मी घाई केली नाही. तिला म्हटले, "वाया कसा जाईल? कोरड्या रानातल्या ज्वारीतूनही दिवा पेटतो हे त्याने दाखवून ठेवलं. जत-आटपाडीचं पाणी न पिता पेटणारा दिवा अजून कुणीतरी करायचा आहे. तो करणारं पोर कदाचित ह्याच बाकावर बसलेलं असेल."

ती काही बोलली नाही. बरणीपाशी गेली आणि तिने ती थोडी उन्हात सरकवली.